बालापूरच्या बाळंतिणींसाठी : मंडळाच्या सभासदांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला आहे आणि हैदराबादेतल्या बालापूर वस्तीतल्या रोहिंग्या निर्वासित बायकांच्या बाळंतपणाचा निधी संपत आला आहे. म्हणून हे पत्र.

हे काम कुणी सुरू केले ते आपण जाणताच. म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या २०१२च्या दंगलींनंतर ही कुटुंबे हैदराबादेत येऊ लागली, तेव्हा आपल्या दिवंगत अध्यक्षाबाई काठी टेकत वस्तीत जायच्या. रझाकारांच्या काळात त्यांच्या आईला पोटुशी असताना घर सोडून बार्शी गाठावी लागली होती. ते त्या कधी विसरल्या नाहीत. त्यांच्या शब्दाखातर कोठी भागातल्या औषधवाल्या बंधूंनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वर्षानुवर्षे खरेदीच्या भावात दिल्या. काचिगुड्याच्या भजनी मंडळातल्या बायकांनी जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आणि झबली शिवली. आणि आपल्या निवृत्त नर्स मावशी! या बायकांची बोली चितगावकडची, आपल्याला एक अक्षर कळत नाही, पण मावशी दखनीत बोलता बोलता ती शिकल्या. आजही त्या दिसल्या की पोरीबाळी दारात येतात.

सरकारी इस्पितळात बाळंतपण मोफत आहे, हे खरे. पण तिथवर पोचायचे कसे? नवरा पहाटेच भंगार वेचायला गेलेला. हाती आधार कार्ड नाही, संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्ड तेवढे आहे, आणि ते दाखवले तर धरून नेतील ही धास्ती. गरोदर बायकांसाठीच्या सरकारी मातृवंदना योजनेचे पैसेही आधार कार्डावाचून मिळत नाहीत. मग तपासणी राहते. अंगात रक्त कमी आहे, बीपी चढले आहे, हे कळतच नाही. कळा सुरू झाल्या की ताडपत्रीखाली, चिखलात, दाईच्या भरवशावर सगळे. रक्तस्राव थांबला नाही तर बाई हातची जाते.

गेल्या गणेशोत्सवात या निधीची पेटी मंडपात ठेवली होती. आरतीला पाय ठेवायला जागा नसायची, पेटीकडे मात्र मोजकेच वळले. ‘आपल्या बायका काय कमी आहेत?’ असेही ऐकावे लागले. आपल्या बायकांसाठीचे मंडळाचे आरोग्य शिबिर एका वर्षीही चुकलेले नाही. मनाला लागले, म्हणून लिहिते.

यादीत सध्या १८ जणी आहेत. सात जणींचे दिवस आषाढाच्या आत भरतात. सोनोग्राफी, रक्ततपासणी, रिक्षा, गोळ्या व बाळंतविडा मिळून एकीमागे सुमारे ४,००० रु. धनादेश मंडळाच्या नावे. रोख कार्यालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), पावती घ्यावी. खातेक्रमांक फलकावर आहे. धुतलेले सुती कपडे चालतील, घरातली उरलेली औषधे आणू नयेत. रात्री-अपरात्री गाडी काढू शकणाऱ्यांनी नाव व फोन नोंदवहीत लिहावा, चालक फार कमी पडतात. सर्व ३१ मेपर्यंत.

आपली,
कार्यवाह