जुनी झाडं आणि सिनेमाचं पान

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कात्रणांचा लिफाफा मिळाला. झाडाची बातमी तुमची, आणि तिच्याच पाठीला अर्धं कापलं गेलेलं नटीचं लग्न आईचं. कात्रीवरून घरात काय झालं असेल ते कळतंय.

माझं मत विचाराल तर ती दोन पानं वेगळी नाहीतच. जुन्या झाडांनाही आता टोपणनावं आहेत, चाहते आहेत, पहारा आहे आणि वयाबद्दल थापा आहेत. नट्या वय कमी सांगतात, झाडांचं वय गाववाले वाढवून सांगतात, एवढाच फरक. म्हणून आई, तू सिनेमाची बातमी जशी ‘हे कुणी सांगितलं?’ म्हणत वाचतेस, तशीच झाडाची वाच. मजा तिथेच आहे.

वयापासूनच सुरू करू. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइन जातीचं एक झाड आहे, नाव मेथुसेला. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्याचं वय काढलं. आज ते ४,८०० वर्षांच्या वर धरतात. वय काढायला झाड पाडावं लागत नाही. आतून पोकळ असलेलं गिरमिट हातानं फिरवत खोडाच्या गाभ्यापर्यंत न्यायचं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढायची. कांडी घासून गुळगुळीत केली की भिंगाखाली वर्षाला एक अशी वलयं दिसतात. मात्र नुसती मोजून भागत नाही. कडक दुष्काळाच्या वर्षी वलय धरतच नाही, किंवा खोडाच्या एकाच बाजूला धरतं. कधी एका वर्षात दोन दिसतात. म्हणून आसपासच्या बऱ्याच झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून अरुंद वलयांचा क्रम जुळवतात. दुष्काळ सगळ्यांनाच पडलेला असतो, तेव्हा चुकलेलं वर्ष तिथे पकडलं जातं.

गिरमिट गाभ्यापर्यंत पोचलंच नाही तर? चिलीतल्या ‘ग्रान अबुएलो’ या झाडाचं हेच झालं. २०२२ मध्ये त्याचं वय ५,४८४ असल्याच्या बातम्या आल्या, पण वलयं हाती लागली ती काही भागाचीच. उरलेली वर्षं गणितानं धरलेली. त्यामुळे बरेच अभ्यासक अजून मान डोलवत नाहीत. स्वीडनच्या ‘ओल्ड चिक्को’चा मामला आणखी गमतीचा. ९,५५० वर्षं हा आकडा मुळांशी सापडलेल्या जुन्या लाकडाचा आहे, कार्बन तपासून काढलेला. वर दिसणारं खोड काही शतकांचंच. मथळ्यात फोटो खोडाचा आणि वय मुळाचं!

आता तुमचं कात्रण, बाबा: ‘५०० वर्षांचा वड’. आपल्याकडे वड, पिंपळ, चिंच यांत वर्षागणिक स्पष्ट वलय पडेलच असं नाही, आणि म्हाताऱ्या झाडाचा गाभा बहुतेक वेळा पोकळ असतो. वडाच्या पारंब्याच खोडं होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी झाड जोरात आहे. गिरमिट लावायचं कुठे? साग त्यातल्या त्यात सरळ. केरळातल्या सागाच्या वलयांवरून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं पाचशेहून जास्त वर्षांमागे जाणारा हिशेब मांडला आहे. तेव्हा वडाची बातमी आली की बघायचं एकच: आकडा वलयांचा, कार्बनचा, जुन्या दप्तरातल्या नोंदीचा, की सरपंचांचा? सरपंचांचा असला तरी वाचावी. फक्त वहीत उतरवताना पुढे प्रश्नचिन्ह टाकावं.

आईच्या पानाकडे येते. प्रसिद्धीला वय लागतच नाही. इंग्लंडमध्ये रोमन काळच्या भिंतीलगत एका खिंडीत सिकामोर जातीचं झाड होतं, जेमतेम शे-दीडशे वर्षांचं. १९९१ च्या रॉबिन हूडवरच्या सिनेमात दिसलं आणि त्याचं नशीब फळफळलं. २०१६ मध्ये तिथलं ‘वर्षाचं झाड’ ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्री कुणी तरी कापलं. दोघांना पकडलं, २०२५ मध्ये प्रत्येकी सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. माझ्या मते नाव नसतं तर ते कापायला कुणी फिरकलं नसतं, आणि नाव नसतं तर शिक्षाही एवढी झाली नसती. बुंध्याला नवे फुटवे आले आहेत, ते वेगळं.

मेथुसेलाचा पत्ता म्हणूनच सरकार सांगत नाही. हायपेरियनचा पत्ता मात्र फुटला. कॅलिफोर्नियातलंच हे रेडवुड, जगातलं सगळ्यात उंच झाड, जवळजवळ ११६ मीटर, २००६ मध्ये सापडलं. तिथे पायवाट नव्हती, चाहत्यांनी पाडली. रेडवुडची मुळं उथळ असतात. पायांनी माती दबली की तिच्यातली हवेची पोकळी मिटते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. बुंध्याशी असलेलं नेच्यांचं रान तुडवून नाहीसं झालं. शेवटी २०२२ मध्ये भाग बंद केला: दंड ५,००० डॉलरपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत कैद.

आपला मध्य प्रदेशही मागे नाही. सांचीजवळ सलामतपूरच्या टेकडीवर २०१२ मध्ये श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी लावलेला पिंपळ आहे. त्याला जाळी, पाण्याचा टँकर आणि चोवीस तास पहारा. वयानं शाळकरी, थाट मंत्र्याचा.

आणि आपल्या ग्वाल्हेरची, हजिऱ्याची चिंच! तानसेनच्या समाधीजवळची पानं चघळली की गळा गोड होतो म्हणून गवय्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओरबाडली. मूळ झाड केव्हाच गेलं, आताचं त्याच्या जागचं. गळ्याचं माहीत नाही, पण पान हेच झाडाचं स्वयंपाकघर. हाताशी येणाऱ्या फांद्या वारंवार ओरबाडल्या तर कोवळं झाड खंगतं. वर भोवती फरशी घातली की मुळांचा वाराही बंद. तेव्हा आई, डिसेंबरात तानसेन संगीत समारोहाला आलेले पाहुणे पान मागतील, त्यांना खाली पडलेलं दे.

बाबा, वयाचा नाद सोडा आणि आपल्या गल्लीतल्या निंबाचा घेर मोजा. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. उतार असेल तर वरच्या अंगानं. आईची शिवणाची टेप दीड मीटरची, पुरणार नाही. नायलॉनची दोरी ताणली जाते, तीही नको. गवंड्याची लांब टेप आणा. एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरून ती कुठे घसरली का, सालीच्या ढलप्यावर चढली का ते बघायचं. त्या उंचीवर गाठ असेल तर किंचित खाली मोजा आणि ती उंची लिहून ठेवा. ऑइलपेंटचा छोटा ठिपका द्या. खिळा नको, जखमेतून कीड शिरते. ठिपका झाडाबरोबर वर जाईल ही भीती नको, खोड जाडीतच वाढतं, उंची शेंड्याला येते. पावसात खोड थोडं फुगतं, म्हणून दरवर्षी जानेवारीतच मोजा. वहीत तारीख, घेर सेंटिमीटरमध्ये, आणि टेप कुणी धरली तेही लिहा. माणूस बदलला की आकडा बदलतो.

गुडघ्यांना जपा. पुढच्या लिफाफ्यात नटीचा उरलेला अर्धा भाग पाठवा.

तुमची,
छोटी