‘शांतता राख’ आणि चित्रातली अक्षरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका चित्रप्रदर्शनाचं परीक्षण वाचलं. रंग-रेषा थकल्या की चित्रकार शब्दांची कुबडी घेतो, आणि चित्रात अक्षरं घुसडणं हे अलीकडचं खूळ आहे, असा त्याचा एकूण सूर. मी समीक्षक नाही. 31 वर्षं पाट्या आणि भिंती रंगवल्या, पोट भरलं ते अक्षरांवर. फ्लेक्स आले तेव्हा ब्रश धुऊन ठेवून दिले. हे प्रदर्शन मात्र मी दोनदा पाहिलं, म्हणून लिहितोय.

आधी माझी एक फजिती. एका वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहायचं होतं, दोन-दोन फुटी अक्षरांत. मोठं काम असलं की मी आधी शिरोरेघ पाडून घ्यायचो. दोऱ्याला खडूची पूड चोळायची, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायचं. भिंतीवर रेघ उमटते. मग सगळ्या अक्षरांची वळणं, आणि उभे काने अगदी शेवटी एका दमात, म्हणजे जाडी सारखी येते. त्या दिवशी शेवटचा काना राहिला. शिडी उचलली, पैसे घेतले, घरी आलो. चार दिवस भिंतीवर ‘शांतता राख’ होतं. रोज पेपर चाळायला येणारी मंडळी बरोब्बर त्याच्याखाली बसत, कुणाच्या लक्षात आलं नाही. पकडलं ते बाराखडी गिरवणाऱ्या एका पोरानं. तो बोट धरून एकेक अक्षर लावत होता.

काना ओढायला परत गेलो तेव्हा ओशाळलो होतोच, पण नंतर त्यावर पुष्कळ विचार केला. त्या मंडळींना वाचता येत होतं, म्हणूनच त्यांना दिसलं नाही. डोळा शब्दाचा अंदाज बांधतो आणि पुढे जातो. माझं उलट झालं होतं. भिंतीला नाक लावून काम करताना दोन फुटी ‘त’ हा ‘त’ राहतच नाही. एक दांडा, त्याला चिकटलेली गोलाई आणि तिच्या आतली पोकळी, एवढंच असतं. मी बघत होतो, वाचत नव्हतो. ज्यांनी अक्षरं घेऊन खरोखर चित्रं केली, त्यांनी या दोन गोष्टी एकमेकींवर घातल्या. बघायला जावं तर शब्द आडवा येतो, वाचायला जावं तर आकार.

आता ‘अलीकडचं खूळ’. यान व्हॅन आइक या जुन्या युरोपीय चित्रकाराचं एक चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, 1434 ते 1436च्या सुमाराचं. देवदूत येशूच्या आईला, मेरीला, देवाचा निरोप सांगतोय आणि दोघांचे शब्द सोनेरी अक्षरांत हवेत उमटलेत. देवदूताचे सुलट आहेत. मेरीचं उत्तर खाली डोकं वर पाय, कारण ते ज्याच्यासाठी आहे तो देव वर बसून वाचणार! नुसता मजकूर पोचवायचा असता तर सुलट लिहून भागलं असतं. (छोटी पाटी झाली की मीही ती उलटी करून बघायचो. उलटं अक्षर वाचलं जात नाही, त्यामुळे कुठे जास्त जागा सुटली ते लगेच कळतं.)

फ्रेंच चित्रकार ब्राकचं 1911चं ‘ल पोर्तुगे’ हे चित्र घ्या. माणूस, गिटार, सगळं फोडून तिरप्या कपच्या केलेल्या. पुढचं काय, मागचं काय, पत्ता लागत नाही. त्यावर त्यानं स्टेन्सिलनं अक्षरं आणि आकडे उठवले. अक्षर हे मुळात सपाट, त्याला पुढे-मागे नसतं. ते पृष्ठभागावर बसलं की कॅनव्हास कुठे आहे ते डोळ्याला समजतं आणि बाकीचं चित्र आपोआप मागे सरकतं. हे त्याला कुठून सुचलं? ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवायचा, सजावटीचा धंदा करत आणि तोही तेच काम शिकला होता. हे वाचलं तेव्हा मला भलताच आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

अमेरिकन चित्रकार जास्पर जॉन्सनं 1959 साली ‘फॉल्स स्टार्ट’ रंगवलं. त्यात रंगांची नावं आहेत, पण बहुतेक ज्या रंगाचं नाव त्या रंगात नाहीत. परीक्षकांनी लाल शाईनं ‘निळा’ लिहून कुणालाही शाईचा रंग पटकन विचारावा. जीभ अडखळते. कुबडी अशी पाडत नाही. आणि आपल्याकडचे चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांनी 1963पासून ‘वर्ड्स अँड सिम्बल्स’ ही मालिका केली. मल्याळम वळणाची अक्षरं, आकडे, कुंडलीसारख्या चौकटी. बरंचसं वाचून लागतच नाही, आणि ते बरंच आहे.

याचा अर्थ अक्षर टाकलं की चित्र झालं असा नाही. या प्रदर्शनातही एका चित्रावर मोठ्या अक्षरात ‘वेदना’ लिहिलंय. तिथे मी परीक्षकांच्या बाजूनं आहे. त्यात वेदना दिसत नाही, पाटी दिसते. आणि पाटीच करायची तर वेलांट्या, मात्रा जरा नीट काढायच्या!

पण ज्या चित्राचा फोटो आपण छापला त्यावर अन्याय झाला. त्यात ‘जवळ’ हा शब्द आहे. ‘ज’ वरच्या डाव्या कोपऱ्यात, टीचभर. ‘व’ कुठेतरी मधे. आणि ‘ळ’ अवाढव्य, खालच्या कडेला टेकलेला. त्याच्या एका पोटात गेरू भरलाय, दुसरं कोरं आहे. शब्द ‘जवळ’, अक्षरं मात्र एकमेकांपासून दूर, आणि शेवटचं तेवढं अंगावर येतं. मी त्याच्यासमोर पाऊण तास उभा होतो. आपल्या पानावर फोटो बसवताना खालची पट्टी कापली गेली आणि उरलं ‘जव’. खाली ओळ आहे, ‘जवळ’ या शब्दावर आधारित चित्र. चार दिवस वाट पाहिली, त्यावर कुणाचंच पत्र आलेलं दिसलं नाही.

चूक माझीही अशीच झाली होती, म्हणून रागावण्याचा मला हक्क नाही. फक्त फोटो पुन्हा छापणार असाल तर ‘ळ’सकट छापा, आणि खाली तो शब्द लिहू नका.

आपला,
एक निवृत्त बोर्डपेंटर