कर्क्युमिन म्हणजे हळद नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यविषयक मजकुरात हल्ली ‘हळद’ आणि ‘कर्क्युमिन’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘प्रयोगात रोज ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले आणि सांधेदुखी कमी झाली’ या वाक्याच्या पाठोपाठ ‘म्हणून रात्री हळदीचे दूध प्या’ असा सल्ला येतो. जरा हिशेब करून पाहावा. दळलेल्या हळदीत कर्क्युमिन आणि त्याच्यासारखी पिवळी द्रव्ये जातीनुसार साधारण २ ते ६ टक्के असतात. ३ टक्के धरले, तर चमचाभर म्हणजे ३ ग्रॅम हळदीतून ९० मिलिग्रॅम मिळतात. ५०० मिलिग्रॅमसाठी जवळजवळ १७ ग्रॅम, म्हणजे साडेपाच चमचे हळद लागेल. तेवढी घातलेले दूध घशाखाली उतरणार नाही.

नावाचा अर्थ नीट कळला तर हा घोळ होत नाही. १८१५ साली फोगेल आणि पेलतिए या रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतून पिवळे द्रव्य वेगळे काढले. हळदीच्या प्रजातीचे लॅटिन नाव ‘कर्क्युमा’, त्याला रसायनशास्त्रातला नेहमीचा ‘इन’ प्रत्यय लागून कर्क्युमिन झाले. (‘क्युमिन’ म्हणजे इंग्रजीत जिरे. त्याचा इथे काही संबंध नाही.) ‘कर्क्युमा’च्या मागे अरबी ‘कुर्कुम’ आहे, त्याचा अर्थ केशर. संस्कृत ‘कुंकुम’ याच शब्दकुळातला आणि त्याचाही मूळ अर्थ केशरच. आपले ‘कुंकू’ त्यातून आले. हळकुंडापासून कुंकू करताना टाकणखार आणि लिंबाचा रस लावतात. टाकणखारातले बोरॉन कर्क्युमिनशी जोडले जाते आणि पिवळ्याचे लाल होते. एकाच शब्दाच्या दोन लेकी अशा एका ताटात भेटतात.

रासायनिक नाव आहे ‘डायफेरुलॉयलमिथेन’. ‘मिथेन’ दिसले म्हणून कोणी वायू समजू नये. मधल्या एका कार्बनला दोन्ही बाजूंनी फेरुलिक आम्लापासूनचे ‘फेरुलॉयल’ गट जोडलेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘फेरुला’ ही हिंगाची प्रजाती आणि फेरुलिक आम्ल प्रथम हिंगातूनच मिळाले. दोन्ही टोकांच्या वलयांवर एकेक फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट असतो. तो आपला हायड्रोजन देऊन मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना, शांत करतो, म्हणून कर्क्युमिनला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात. पण हे परीक्षानळीतले वर्तन झाले. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि शोषलेलेही यकृत लगेच बदलून टाकते. त्यामुळे नळीतला गुण शरीरात तेवढ्याच जोराचा असेल असे धरून चालता येत नाही.

कर्क्युमिनच्या गोळ्यांच्या डबीवर ‘९५ टक्के’ लिहिलेले असते, ते बहुधा एकट्या कर्क्युमिनचे नसून ‘कर्क्युमिनॉइड’ या गटाचे असते. त्यात कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे, डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी कर्क्युमिन, धरलेली असतात. एकटे कर्क्युमिन साधारण तीन चतुर्थांश भरते. दुसरी गल्लत प्रजातीच्या नावामुळे होते. आंबेहळदही ‘कर्क्युमा’च (कर्क्युमा अमाडा), पण तिच्यात कर्क्युमिन अगदी नगण्य. घरची हळद ती ‘कर्क्युमा लाँगा’. नाव लिहिताना दुसरा शब्द गाळला की वाचक भलतेच मूळ उगाळून बसतो.

आणखी एक चूक वारंवार छापली जाते: ‘साबण लावल्यावर हळद लाल झाली तर ती भेसळीची.’ हे साफ उलट आहे. कर्क्युमिन सौम्य आम्लात पिवळे आणि अल्कलीत लाल असते. म्हणून तर मुका मार लागल्यावर लावलेला हळद-चुन्याचा लेप वाटीतच तांबडा होतो आणि सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबणाने लालभडक दिसतो. धुऊन साबण गेला की तो पुन्हा पिवळा होतो आणि कडक उन्हात वाळवला की फिका पडतो, कारण प्रकाशात कर्क्युमिन तुटते. हळद काचेच्या उघड्या बरणीत खिडकीशी ठेवू नये ती याचसाठी. मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ तपासतात ती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने. आलेला जांभळट रंग पाणी घातल्यावर गेला तर हळद, टिकला तर भेसळ. ही परीक्षा प्रयोगशाळेतच व्हावी, ओट्यावर नव्हे.

कर्क्युमिन अंगी लागावे म्हणून सोबत मिरे घेण्याबद्दलही जपून लिहायला हवे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन (मिऱ्यातले तिखट द्रव्य) दिल्यावर रक्तातले प्रमाण वीस पटींनी वाढले. मिऱ्याने शोषण ‘२००० टक्के’ वाढते, हा नेहमी छापला जाणारा आकडा तिथला. पण हेच पिपरीन इतर औषधांचेही शोषण आणि विघटन बदलते. शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत झाल्या आहेत. पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्क्युमिनच्या गोळ्या घेऊ नयेत. भाजीतल्या हळदीला ही अट लागू नाही. आपल्या पुरवणीत यापुढे कर्क्युमिनचा आकडा देताना तो हळदीचा, कर्क्युमिनॉइडचा की शुद्ध कर्क्युमिनचा, एवढे कंसात छापावे, ही विनंती.

आपला,
अन्नरसायनशास्त्राचा एक अध्यापक