मेळ्यातल्या मोटारींमध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ची प्रतिकृती हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा जवळ आला की शहरात मोटारींची चर्चा सुरू होते. महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा मूळचा गुरांचा बाजार. आता मात्र वाहनकरातली सवलत जाहीर होईपर्यंत कित्येक घरांतली गाडीखरेदी अडून राहते आणि एकदा ती जाहीर झाली की ऑटोमोबाईल विभागात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याच विभागात एक काचेचे कपाट जुन्या आलिशान मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींसाठी, म्हणजे आम्ही छांदिष्ट ज्यांना ‘स्केल मॉडेल्स’ म्हणतो त्यांच्यासाठी, राखून ठेवावे आणि त्यातला पहिला मान ग्वाल्हेरच्या इतिहासातल्या एका मोटारीला द्यावा, अशी सूचना मी आपल्या वृत्तपत्रामार्फत मेळ्याच्या व्यवस्थापनाला करीत आहे.

ती मोटार म्हणजे रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’, जिचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ असे ठेवले होते. १९०८ साली मुंबईहून कोल्हापूरला जाऊन परत येण्याची, सुमारे ६२० मैलांची चाचणी-स्पर्धा झाली. त्या काळचे रस्ते आणि वाटेतले घाट डोळ्यांसमोर आणले तर हा प्रवास विनाबिघाड पार पाडणे ही केवढी गोष्ट होती, हे वेगळे सांगायला नको. ती कामगिरी या गाडीने केली आणि त्यानंतर ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. सह्याद्रीचे घाट चढून आलेली ही गाडी इथल्या दरबारात दाखल झाली, ही गोष्ट इथल्या मराठी घरांतसुद्धा फारशी कोणाला ठाऊक नसते, याचे मला राहून राहून नवल वाटते.

अशी प्रतिकृती करायची तर ती नेमकी १९०८ सालचीच असली पाहिजे. रोल्स-रॉइस म्हटली की रेडिएटरच्या टोपणावरची पंख पसरलेली आकृती सर्वांना आठवते. परंतु ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ नावाची ही आकृती चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवली. त्यामुळे कोल्हापूरच्या स्पर्धेतली गाडी म्हणून मांडलेल्या मॉडेलवर ती दिसली तर ते मॉडेल कितीही चकचकीत असो, चुकीचेच आहे. पुढच्या चाकांच्या ब्रेकचेही तसेच. सिल्व्हर घोस्टला ते १९२०च्या दशकात मिळाले, म्हणून १९०८च्या मॉडेलमध्ये पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम दिसता कामा नयेत. मापाची पारख तर कोणालाही करता येईल: आखूड चॅसीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) सिल्व्हर घोस्टमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर १३५.५ इंच, म्हणजे सुमारे ३.४४ मीटर होते. १:४३ प्रमाणात, म्हणजे मूळ मापाच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्यात, ते ८ सेंटिमीटर आणि १:१८ मध्ये १९ सेंटिमीटरच्या किंचित वर भरले पाहिजे. व्हर्नियर कॅलिपर हे बारीक माप घेण्याचे साधन लावले की कारागिराने आराखडे पाहिले होते की अंदाजपंचे काम केले, ते तिथल्या तिथे कळते. माप जमले तरी नजर दिव्यांवर जातेच. स्वस्त मॉडेलमध्ये दिव्याच्या काचेआड मधोमध प्लास्टिकची एक खुंटी दिसते आणि पितळेच्या कार्बाइड दिव्याची सगळी शान तिथेच संपते.

मॅचबॉक्स नावाच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या लेस्नी कंपनीने १९५६ मध्ये ‘मॉडेल्स ऑफ येस्टरइयर’ ही मालिका सुरू केली आणि १९६० साली तीत १९०७ची सिल्व्हर घोस्ट आणली. या मालिकेत प्रत्येक गाडीचे प्रमाण वेगळे असते, म्हणून दोन गाड्या शेजारी ठेवून त्यांच्या आकारांची तुलना करता येत नाही. तरीही माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी या छंदाची बाराखडी त्यांच्यावरच गिरवली, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा माझ्याने होणार नाही.

हा मोठ्या माणसांचा पोरखेळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी आठवावी. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणारी आणि डब्यातली सुरई उचलताच थांबणारी ही गाडी नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने बनवली. आगगाड्यांच्या अचूक प्रतिकृतींसाठी ही कंपनी नावाजलेली होती. मोटारींचे १:४३ हे प्रमाणसुद्धा अशा छोट्या आगगाड्यांकडूनच आले आहे. ब्रिटिश ‘ओ’ गेज या छोट्या आगगाड्यांच्या ठरलेल्या मापात मूळच्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत आणि त्या रुळांशेजारी शोभाव्यात म्हणून निघालेल्या छोट्या मोटारींनी साधारण तेच माप उचलले. ज्या शहरात लोक रांग लावून ती आगगाडी पाहतात, तिथे मोटारींच्या प्रतिकृतींना कपाटभर जागा मागण्यात गैर काय आहे?

परदेशातून तयार मॉडेल मागवणे खिशाला परवडण्यासारखे राहिलेले नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच प्रकरणात मोडतात आणि खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी खेळण्यांना संरक्षण देण्याचा हेतू मला मान्य आहे; मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीची हाताने जुळवलेली प्रतिकृती आणि चावीचे माकड यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

म्हणून ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ची प्रतिकृती ग्वाल्हेरातच घडवावी, असे माझे मत आहे. इथल्या माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स (पूर्वीचे माधव अभियांत्रिकी महाविद्यालय) या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी जुन्या छायाचित्रांवरून आणि चॅसीच्या ज्ञात मापांवरून संगणकावर आराखडे करावेत, सांगाडा रेझिनमध्ये त्रिमितीय छपाईने (थ्री-डी प्रिंटिंग) घडवून घ्यावा आणि दिवे, भोंगा, रेडिएटर ही कामे पितळेत करण्यासाठी शहराच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या कारागिराला सोबत घ्यावे. प्रमाण १:१२ ठेवले तर आसांमधले अंतर सुमारे २९ सेंटिमीटर येईल आणि गर्दीत दोन पावलांवरूनही बारकावे दिसतील.

जपणुकीचा प्रश्न उरतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला तर जुनी मॉडेल्स आतून तडकून भुगा होतात आणि दमट हवेत हा रोग बळावतो. त्या बाबतीत आपली कोरडी हवा उपकारकच आहे. मे महिन्यातले ऊन मात्र रंग आणि टायर दोहोंना मारक आहे, शिवाय मऊ प्लास्टिकचे टायर उष्णतेने पाझरून खालच्या पारदर्शक तळाला चिकटतात. मेळा हिवाळ्यात भरतो, म्हणून तेवढ्या दिवसांची काळजी नाही. पुढे ही प्रतिकृती कायमची कुठे ठेवली गेली तर कपाट खिडकीपासून दूर असावे आणि गाडी टायरांवर न ठेवता आसांखाली आधार देऊन किंचित उचललेली असावी.

दुकानांचे वाटप होण्यापूर्वी व्यवस्थापनाने जागेचा निर्णय घेतला, तर माझ्याजवळच्या संग्रहातली मॉडेल्स विनामोबदला मांडायला मी तयार आहे. शहरातल्या इतर संग्राहकांनीही आपली मॉडेल्स द्यावीत, अशी त्यांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक व संग्राहक
लष्कर, ग्वाल्हेर