खोक्यावरचा पत्ता वाचा, साहेब

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार

सन्माननीय मोहोळसाहेब,
सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यात मी महा ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज ही रोजची कामे. पण आमच्या वाड्यावाड्यांतली माणसे कुवेत, मस्कत, दोहाला कामाला आहेत, कोणी बोटीवर आहेत. मे महिन्यात आणि गणपतीच्या आगेमागे ती घरी येतात, आणि त्यांतली एक-दोन तरी माझ्या दारात येऊन म्हणतात, "ताई, सामान आलं नाही. जरा बघा ना काय ते." इतरांच्या तक्रारी मी बरीच वर्षे लिहून देत होते. या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावासाठी लिहायची वेळ आली, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

भाऊ कुवेतला एसी मेकॅनिक आहे. दोन वर्षांनी तीस दिवसांची रजा मिळाली, तीही माझ्या लेकीच्या लग्नासाठी. थेट विमानाचे तिकीट परवडत नाही, म्हणून तो आखातातल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलून मुंबईला उतरला. पहाटे चार वाजता. पट्टा फिरून फिरून थांबला, पण त्याचे खोके काही आले नाही.

ते खोके कसे होते ते सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, त्यावर पिवळी नायलॉनची दोरी उभी-आडवी आवळलेली. चारही बाजूंना काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत त्याचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, पिनकोड आणि माझा मोबाइल नंबर. आत भाचीच्या संसारासाठी घेतलेला डिनर सेट, दोन ब्लँकेट, आईचे साखर तपासायचे मशीन आणि खजूर. आमच्याकडचा आखातातला माणूस खोके असेच बांधतो. वाटेत काहीही झाले तरी कोणीतरी पत्ता वाचेल आणि सामान घरी पोचवील, हा त्यामागचा भरवसा.

पण विमानतळावर तो पत्ता कोणी वाचत नाही. तिथे वाचला जातो तो टॅगवरचा दहा आकड्यांचा नंबर. पहिला एक आकडा, पुढचे तीन विमान कंपनीचे, उरलेले सहा त्या सामानाचे. त्याचीच चिठ्ठी प्रवाशाला मिळते. भावाने ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. गरम झाल्यावर उमटणारा तो कागद. मेचा घाम आणि बारा तासांचा प्रवास यांत तो काळवंडून गेला. माझ्यासमोर ठेवला तेव्हा शेवटून दुसरा आकडा तीन की आठ हे मला उन्हात धरूनही कळेना. एक आकडा चुकला की आपण दुसऱ्याच कोणाच्या सामानाची चौकशी करत बसतो. माझे म्हणणे एवढेच की हा नंबर काउंटरवरूनच प्रवाशाच्या मोबाइलवर मेसेजने यावा. वीजबिलाचा मेसेज आमच्या वाडीत येतो, तर हा का येऊ नये?

साहेब, सामान कुठे आहे हे कंपनीला माहीत नसते असे नाही. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, आयाटाचा, 753 क्रमांकाचा ठराव जून 2018पासून लागू आहे. त्यानुसार सभासद कंपन्यांनी सामानाची नोंद चार ठिकाणी ठेवायची: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, विमान बदलताना आणि परत प्रवाशाच्या हाती देताना. म्हणजे खोके कोणत्या टप्प्यावर अडकले ते संगणकावर दिसायला हवे. विमानतळांना संगणक प्रणाली पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालानुसार 2024मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे सामानाच्या 6.3 नगांची हेळसांड झाली, म्हणजे ते उशिरा आले, मोडले किंवा हरवले. उशिरा आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा, 41 टक्के, विमान बदलण्याच्या टप्प्यावरचा होता. आमच्या माणसाचे स्वस्त तिकीट म्हणजे नेमके तेच विमान बदलणे. मग ती नोंद आम्हाला का दाखवत नाहीत? मी नऊ दिवस फोन केले. "ट्रेसिंग चालू आहे" यापलीकडे एक शब्द मिळाला नाही. खोके पहिल्या विमानातून उतरलेच नाही की उतरून दुसऱ्यात चढले नाही, एवढे जरी सांगितले असते तरी आई रोज विचारायची तेव्हा तिला सांगायला माझ्याकडे काहीतरी असते.

त्या पहाटे त्याने पीआयआर भरला, म्हणजे सामान न मिळाल्याचा अहवाल. भरून घेणारा मुलगा सौजन्याने वागला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संपर्काचा नंबर तिकिटावरचा घेतला गेला, कुवेतचा. ते सिम इथे बंद होते. खोके सापडल्याचा मेसेज त्या बंद सिमवर गेला. मी अहवालाचा क्रमांक टाकून स्वतः तपासले म्हणून अकराव्या दिवशी कळले, नाहीतर अजून वाट बघत बसलो असतो. आणखी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही. परदेशातून येताना सामान मागे राहिले, तर विमान कंपनीकडून दाखला घेऊन त्यावर कस्टम्सची सही घ्यावी लागते, करमुक्त सवलतीतला किती भाग वापरायचा राहिला ते त्यावर लिहून घ्यावे लागते. रात्रभर झोप नसलेल्या माणसाला हे कसे सुचणार? पीआयआर जिथे भरतात तिथे मराठी आणि हिंदीत हे दोन ओळींत लिहून लावता येईल.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. खोके मुंबईत आले आणि कंपनीचे उत्तर मिळाले की येऊन घेऊन जा. मी विचारले, घरपोच का नाही? तर म्हणे, मुंबईत देतो, तुमचा पत्ता फार लांब आहे. राजापूर ते मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर. भाऊ रात्रीच्या गाडीने गेला, सकाळी दादरला उतरला, दिवसभर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी खोके घेऊन परत आला. तीस दिवसांतले दोन दिवस असे गेले. लग्न तर आठव्या दिवशीच होऊन गेले होते. लेक दापोलीला सासरी गेली, मामाने आणलेला डिनर सेट तिच्यामागून गेला. तोही चार ताटे फुटलेला. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते हे मला माहीत होते, म्हणून त्याच रात्री फोटो काढून पाठवली. ज्यांना माहीत नाही, त्यांचे सात दिवस पाहुण्यारावळ्यांतच जातात.

ज्या मॉन्ट्रियल कराराचा भारत 2009पासून सदस्य आहे, त्यात विलंबाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपनीवर टाकली आहे. ती झटकायची तर नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सगळे केले हे कंपनीनेच सिद्ध करायचे असते. भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) आहे, म्हणजे पावणेदोन ते दोन लाख रुपयांच्या आसपास. देशांतर्गत प्रवासाला मात्र आपल्या मंत्रालयाच्या प्रवासी सनदेत ती वीस हजार रुपये आहे. आमच्यासारख्यांना एवढी रक्कम मागायचीही नसते. भावाचे गाडीभाडे आणि बुडालेले दोन दिवस तरी कोणी द्यावेत? अजून आलेले नाहीत. शिवाय एकवीस दिवस उलटल्याशिवाय सामान हरवले असे धरतच नाहीत. तीस दिवसांच्या रजेवर आलेल्या माणसाने ते एकवीस दिवस मोजायचे, मग दाव्याचे कागद करायचे आणि तोवर परतीचे विमान. पुढे त्याच्या वतीने लढायला माझ्यासारखी एखादी बहीण घरी असेल तर ठीक.

पत्ता लांब आहे हे कारण मला मान्य नाही. आमच्या वाडीत पोस्ट येते. आमच्याकडची आंब्याची पेटी संध्याकाळी टेम्पोत चढते आणि पहाटे वाशीच्या बाजारात असते. आंबा एका रात्रीत जातो, तर खोके त्याच रस्त्याने उलटे का येऊ शकत नाही? शेजारच्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021ला सुरू झाला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता, पण आखातातले विमान तिथे उतरत नाही. म्हणून मुंबई हाच आमचा विमानतळ. पण आमचे घर मुंबईत नाही.

परतीच्या वेळचेही सांगायला हवे. आई सामानात सोलं, आंबापोळी, सोडे भरते आणि हमखास सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या टाकते. सुके खोबरे तेलकट, पेट घेऊ शकते, म्हणून चेक-इनच्या सामानात चालत नाही. एक्स-रेत ते दिसले की बॅग बाजूला काढतात, प्रवाशाला बोलावतात, आणि तो वेळेत सापडला नाही तर बॅग मागे राहते. नियम बरोबरच आहे. पण कोकणातल्या घरांना तो माहीत नाही. तिकिटाबरोबर मराठीत एक ओळ आली तर कितीतरी बॅगा वाचतील.

आपल्या मंत्रालयाने मनावर घेतले की फरक पडतो. फेब्रुवारी 2024मध्ये मंत्रालयाच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोने सात विमान कंपन्यांना शेवटची बॅग तीस मिनिटांत पट्ट्यावर आणायला सांगितले. ते पट्ट्यापर्यंतचे झाले. पट्ट्यावर जे आलेच नाही, त्याच्यासाठी असाच स्पष्ट आदेश हवा: पीआयआरमध्ये भारतातला चालू नंबर घ्या, सामान कुठे अडकले ते सांगा आणि ते सापडल्यावर प्रवाशाने लिहून दिलेल्या पत्त्यावर कंपनीच्या खर्चाने पोचवा, मग तो पत्ता अंधेरीचा असो की आमच्या वाडीचा.

भाऊ पुढच्या गणपतीला येईन म्हणतो आहे. खोके तसेच बांधेल, चारही बाजूंना पत्ता तसाच लिहील. तो पत्ता वाचून खोके आमच्या पडवीत आणून ठेवायची जबाबदारी कोणाची, हे कृपया त्याआधी लेखी ठरवून द्यावे.

आपली नम्र,
महा ई-सेवा केंद्र चालवणारी एक भगिनी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी