दिवे विकताना उजेडाची माहिती द्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात जुनी कौलारू घरे बाहेरून राखून आतून नवी करण्याची कामे जोरात चालू आहेत. गणेश चतुर्थीच्या आत घरात राहायला जायचे या घाईत सर्वांत शेवटी उरते ती दिव्यांची खरेदी. फरशी आणि रंग निवडताना दहा दुकाने पालथी घालणारी माणसे दिवे मात्र एका संध्याकाळी, वायरमनने लिहून दिलेल्या यादीवरून उरकतात. त्यात ग्राहकांइतकाच विक्रीच्या पद्धतीचाही दोष आहे, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

दुकानात झुंबरे, पॅनेल लाइट, भिंतीवरचे दिवे असे सारे एकाच वेळी लावलेले असते. त्या लखलखाटात एखादा दिवा एकट्याने खोलीत किती उजेड देईल, हे कोणालाही सांगता येणार नाही. मग बोलणे वॅटवर येते. वॅट हे दिवा किती वीज ओढतो त्याचे माप आहे. उजेड मोजायचा तो ल्यूमेनमध्ये. पूर्वीचा ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्यूमेन देत असे. तेवढाच उजेड आज आठ-नऊ वॅटचा चांगला एलईडी दिवा देतो, पण तितक्याच वॅटचा हलका माल पुष्कळ कमी देतो, आणि हा फरक खोक्यावरच्या बारीक अक्षरांत दडून राहतो.

उजेडाच्या रंगाचेही तेच. तो केल्व्हिन या मापात सांगतात. २७०० ते ३००० केल्व्हिनचा उजेड पिवळसर, ४००० चा मधला आणि ६५०० चा निळसर पांढरा असतो. देवघरात व निजायच्या खोलीत पिवळसर, तर स्वयंपाकघरात व अभ्यासाच्या टेबलावर मधला उजेड बरा, असे माझे मत आहे. मात्र वस्तूंचे रंग खरे दिसतील की नाही, हे केल्व्हिनवरून कळत नाही. त्यासाठी सीआरआय हा वेगळा आकडा असतो, आणि तो १०० च्या जितका जवळ तितका दिवा चांगला. शहापूर-वडगावच्या विणकर कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. साडीचा रंग पारखायचा तर जाणते गिऱ्हाईक ती दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते, कारण हलक्या दिव्याखाली लाल रंग आधी मार खातो आणि डाळिंबी काठ तपकिरी वाटू लागतो. ज्यांच्या पुढच्या खोलीत साड्यांची विक्री चालते, त्यांनी तरी ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचे दिवे मागून घ्यावेत.

दिव्यांच्या जागा पीओपीचे छत करण्यापूर्वीच ठरवाव्यात. स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची सावली नेमकी विळीवर आणि शेगडीवर पडते. ओट्यावरच्या कपाटाखाली एक पट्टीचा दिवा दिला की ती अडचण संपते. छतातला दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर आला तर खोलीतला उजेड सतत लुकलुकत राहतो. खानापूरकडच्या पावसात अंगणातल्या उघड्यावरच्या दिव्याला आयपी ६५ हा, धूळ व पाण्याचा फवारा आत शिरू न देणारा, दर्जा असावा, हेही दुकानदाराने आपण होऊन सांगायला हवे.

सर्वांत जाच होतो तो दिवा बिघडल्यावर. एलईडीला डीसी प्रवाह लागतो आणि घरातली २३० व्होल्टची वीज एसी असते, म्हणून प्रत्येक दिव्याला एसीचे डीसी करून देणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. छताच्या पोकळीतली उष्णता आणि विजेचा कमी-जास्त होणारा दाब यांमुळे बहुधा तोच आधी जातो. आमच्या बैठकीच्या खोलीतला एक दिवा वॉरंटीच्या मुदतीतच बंद पडला, तेव्हा ते मॉडेल बंद झाले आहे, ड्रायव्हर सुटा मिळत नाही, दुसरा दिवा घ्या, असे दुकानातून सांगण्यात आले. नवा दिवा आणला तर छताला पाडलेले भोक त्याला मोठे पडले. भोवती चुना-पट्टी करून रंग द्यावा लागला, आणि इतका खटाटोप करूनही शेजारच्या दिव्यांहून त्याचा उजेड वेगळाच दिसतो. ड्रायव्हर सुटा मिळेल का आणि छतातल्या भोकाचा व्यास किती, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारले पाहिजेत. जिथे शोभेला बाध येत नाही तिथे साध्या होल्डरचा, बल्ब बदलता येणारा दिवा घेणेच शहाणपणाचे, मग तो जुन्या पद्धतीचा का दिसेना.

जुलै २०२२ मध्ये एलईडी दिव्यांवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. तो वाचवण्यासाठी कच्च्या बिलाची बोली अनेक ठिकाणी होते, पण पक्के बिल हातात नसले की वॉरंटी मागायची कोणत्या आधारावर? एलईडी दिवे व ड्रायव्हर यांना भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की तो खरा की खोटा, ते तिथेच कळते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

गणपत गल्ली, खडेबाजार आणि टिळकवाडीतील विक्रेत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी दुकानात एक अंधारा कोपरा राखावा, जिथे एकच दिवा लावून त्याखाली कापड किंवा वर्तमानपत्र धरून पाहता येईल. तसेच प्रत्येक दिव्याचे ल्यूमेन, केल्व्हिन, सीआरआय आणि भोकाचा व्यास कन्नड व मराठीत लिहून लावावा, आणि तीच माहिती बिलावरही द्यावी. त्याला फारसा खर्च येणार नाही. चतुर्थीच्या खरेदीला अजून अवधी आहे, तोवर ही सोय सहज होऊ शकेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, शहापूर, बेळगाव