पोळ्याआधी गोठा फवारा

संपादक महोदय,

पोळा तोंडावर आलाय. बाजारात गोंडे, झुली, शिंगांचे रंग मांडून झाले. इकडे शेतात कपाशीची फवारणी जोरात आहे, आणि पंपात उरलेलं औषध गोचिडांसाठी ढोरांच्या अंगावर मारायची आमच्या भागातली खोड काही सुटत नाही. म्हणून हे पत्र.

मोनोक्रोटोफॉससारखं औषध कातडीतून आत जातं, अंग चाटलं की पोटातही जातं. लाळ गळायला लागते, अंग थरथरतं, धाप लागते. डॉक्टर येईपर्यंत जनावर आडवं झालेलं असतं. बरं, एवढं करून गोचीड जातो का? एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत नाहीतर गव्हाणीखाली शिरते आणि तिथं हजारोंनी अंडी घालते. गोठ्याला लागून पऱ्हाट्यांचा ढीग असला तर तिला आयतीच जागा. म्हणून गुरांसाठीचंच औषध, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात, अंगावर आणि गोठ्यातही मारायला हवं. अंडी औषधाने मरत नाहीत, तेव्हा पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फवारणी लागतेच. फवारण्याआधी ढोरांना पोटभर पाणी पाजावं, तहानेली ढोरं ओलं अंग चाटतात.

संकरित गायींना तर जास्तच जपावं लागतं. गोचिडांमुळे थायलेरिया होतो. ताप चढतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडते. लघवी कॉफीसारखी झाली तर तो बहुधा दुसरा, बॅबेसियाचा आजार. दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे दुकानातून अंदाजाने इंजेक्शन आणू नये. खांदेमळणीला बैलाच्या मानेवरून हात फिरतोच, तेव्हा कानाच्या आत, गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली आणि शेपटीच्या मुळाशीही बोटं घालून बघा.

पोटातल्या जंतांचं निराळं. वासरांना, त्यातही पारडूंना, आईच्या दुधातूनच जंत येतात. 10 ते 15 दिवसांचं झालं की जंताच्या औषधाचा पहिला डोस, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पाझर तलावाच्या काठचं ओलं गवत खाणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली सूज आली तर यकृतातल्या चपट्या कृमीची शंका घ्यावी, तिथं गोगलगायींतून तो रोग येतो. नुकत्याच गाभण राहिलेल्या गायीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजू नये, हे तर दुकानदारही सांगत नाहीत.

आता मागणी. एका घराने फवारून भागत नाही, शेजारच्या गोठ्याची भिंत सामाईक असते. ग्रामपंचायतीने पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दिवस ठरवून अख्ख्या गावाचे गोठे एकदम फवारावेत. आणि पशुवैद्यकीय शिबिराची दवंडी दुपारी, बायका घरी असताना द्यावी. शेण आम्ही बायका काढतो, त्यातले जंत आधी आम्हालाच दिसतात, अन् शिबिरात खुर्च्यांवर बापेच बसलेले असतात. तपासणीसाठी ताज्या शेणाची डबी घेऊन यायला आम्हाला सांगा, आम्ही येतो.

एक पशुपालक वाचक,
ता. पारोळा, जि. जळगाव